ढगातली बिऱ्हाडे

राहुरीत मशीन म्हटले की त्याचे तीन गुण ठरलेले असतात. ते डोळ्यांना दिसते, कानांना ऐकू येते आणि त्याचे बिल येते. विहिरीवरची मोटर घ्या, पिठाची गिरणी घ्या, कडबाकुट्टी घ्या, नाहीतर स्टँडसमोरचा तो घुंगरू बांधलेला रसाचा चरक घ्या, तिन्ही गुण हजर. आमच्या सूनबाई ज्या मशिनांच्या जिवावर पगार घेतात त्यांच्यात यांपैकी फक्त तिसरा गुण आहे. ती दिसत नाहीत, आवाज करत नाहीत, पण त्यांचे बिल येते, आणि तेही सेकंदाच्या हिशेबाने. बाकी दोन गुण सोडून नेमका हाच का ठेवला, हे मी सूनबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "नाना, धंदा आहे तो."

२०२०च्या लॉकडाउनमध्ये चिरंजीव आणि सूनबाई दोन लॅपटॉप, एक कुकर आणि आमची नात एवढा ऐवज घेऊन पुण्याहून राहुरीला आले. चिरंजीवांना वर्षभराने परत बोलावणे आले. ते सोमवारी पहाटे जातात आणि शुक्रवारी रात्री येतात. नगर-मनमाड रस्त्याची मर्जी असेल तर शुक्रवारीच. सूनबाईंच्या कंपनीने मात्र घरून काम करायला हरकत घेतली नाही. माडीवरच्या ज्या खोलीत पूर्वी आम्ही कांदे पसरत होतो, तिथे त्यांचे ऑफिस झाले. नात इथल्याच शाळेत जाऊ लागली आणि "हाव ना" म्हणू लागली. घर भरले. सौ.ने वीस वर्षांनी मोठे पातेले पुन्हा खाली काढले.

एका सकाळी शेजारच्या काकू आमच्या सौ.ला हळूच म्हणाल्या, "तुम्ही कोंबड्यांचा धंदा काढलाय का हो?" काकूंचा काही दोष नव्हता. गच्चीवर कपडे वाळत घालताना त्यांनी सूनबाईंना फोनवर बोलताना ऐकले होते, "काल रात्री चाळीस मारली. सकाळपर्यंत नवी चाळीस उभी केली. कुणाला कळलंसुद्धा नाही."

त्या दिवशी मी ठरवले की हे प्रकरण समजून घ्यायचे.

सूनबाईंनी आधी शास्त्रोक्त सांगून पाहिले. ते माझ्या डोक्यावरून, माडीवरून आणि थेट ढगातूनच गेले. मग मी माझ्या पद्धतीने समजून घेतले. नोकरीच्या सुरुवातीला मी नगरला एका वाड्यात राहत होतो. वाडा एक, बिऱ्हाडे अकरा. प्रत्येक बिऱ्हाडाला आपापले दार, आपापली चूल, आपापला तुळशीचा डबा. पण पाया एक, छप्पर एक आणि नळही एक. कुणाला किती वेळ पाणी, हे मालकीणबाई ओट्यावर बसून ठरवत. सूनबाईंच्या धंद्यात असेच असते. एक भलेमोठे लोखंडी यंत्र म्हणजे वाडा. त्याच्या पोटात एक कार्यक्रम मालकीणबाईसारखा बसलेला असतो. तो यंत्राच्या ताकदीचे तुकडे करून बिऱ्हाडांना वाटतो. प्रत्येक बिऱ्हाडाला वाटते, आपण स्वतंत्र बंगल्यात राहतो. हेच ते आभासी मशीन. फरक एवढाच की इथल्या एका बिऱ्हाडाला दुसरे बिऱ्हाड आहे याचा पत्ताही नसतो. आमच्या वाड्यात पलीकडे कांदा चिरला की आमच्या डोळ्यांना पाणी येई.

ही कल्पना काल-परवाची नव्हे. आयबीएम कंपनीने एका यंत्रात अनेक यंत्रे मांडण्याची आपली व्हीएम/३७० नावाची व्यवस्था १९७२ साली बाजारात आणली. १९७२ म्हटले की आमच्या पिढीला फक्त दुष्काळ आठवतो. सुकडी, मिलो आणि रोजगार हमीची खडी. त्याच साली मी टायपिस्ट म्हणून नोकरीला लागलो. एका माणसाच्या भाकरीत अकरा माणसे कशी बसवायची, याचा विचार आम्ही इकडे करत असताना तिकडे अमेरिकेत एका यंत्रात अनेक यंत्रे बसवत होते. विद्येला दिशा असते हे खरे.

राहिला ढग. शहरातल्या माणसाला म्हणे क्लाउड समजावून सांगायला फार त्रास पडतो. राहुरीकराला अजिबात पडत नाही. आमच्या डोक्यावर ढग येतात, थांबतात, खाली पाहतात आणि पुढे जातात. पाऊस पडतो तिकडे हरिश्चंद्रगडावर, आणि पाणी भरते आमच्या मुळा धरणात. जून-जुलैत राहुरीत दोन माणसे भेटली की "बरे आहे ना?" असे विचारत नाहीत, "कोतुळला आवक किती?" असे विचारतात. सव्वीस टीएमसीचे धरण दुसऱ्याच्या ढगावर भरते आणि आपण इथे नळ सोडून आंघोळ करतो. क्लाउड म्हणजे याहून वेगळे काय आहे? यंत्रे कुठल्या तरी दूरच्या इमारतीत, आणि आपण आपल्या घरी कळ दाबायची. मायक्रोसॉफ्टने अशा इमारतींचे ठाणे २०१५ साली पुण्यात मांडले, अॅमेझॉनने २०१६ साली मुंबईत. म्हणजे हे ढग प्रत्यक्षात जमिनीवरच असतात आणि त्यांना गार ठेवायला रात्रंदिवस वारा घालावा लागतो. सरकारनेही २०१४ साली आपला एक ढग सुरू केला. त्याचे नाव ठेवले 'मेघराज'. कधीही खंड पडू नये अशा सेवेला मेघराजाचे नाव द्यायचे, याला छाती लागते. ज्याने ठेवले तो आमच्या तालुक्यातला नसणार.

आता काकूंच्या कोंबड्या. चाळीस मारली आणि चाळीस उभी केली, म्हणजे काय?

इथे मात्र मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही, कारण मी पस्तीस-छत्तीस वर्षे स्टेन्सिल कापली आहेत. तरुण वाचकांसाठी सांगतो. मेणाचा लेप दिलेला तो नाजूक कागद टाइपरायटरवर चढवायचा, रिबन बाजूला करायची आणि अक्षरांनी त्यावर नुसते वळ उमटवायचे. मग तो कागद सायक्लोस्टाइलच्या रुळावर ताणला की एकासारख्या एक दोनशे प्रती. एखादी प्रत चहात बुडाली, उंदराने खाल्ली, साहेबांनी फाडली तरी दुरुस्त करत बसायचे नाही. टाकायची आणि रूळ पुन्हा फिरवायचा. सूनबाई याला टेम्प्लेट म्हणतात. एक मशीन मन लावून सजवायचे, त्यात लागणारे सगळे कार्यक्रम बसवायचे, कुलपे लावायची आणि त्याचा साचा करून ठेवायचा. पुढे कुठलेही मशीन आजारी पडले की त्याची नाडी पाहत बसायचे नाही. पाडायचे आणि साच्यातून नवे काढायचे. पाच-दहा मिनिटांत काम.

साच्याचे दुखणेही तेच. मी ज्या कार्यालयात होतो त्याचे नाव सांगत नाही, कारण पेन्शन तिथूनच येते. तिथे एकदा एका सहकाऱ्याच्या स्टेन्सिलमध्ये 'बैठकीनंतर चहापान होईल' याचे 'चहापाप होईल' असे झाले. दोनशे प्रती गेल्या. बैठकीला निम्म्या लोकांनी चहाला हात लावला नाही. त्यावर सूनबाई म्हणाल्या, "अगदी असंच असतं, नाना. साचा चुकला की चाळीसच्या चाळीस मशिनं सारखीच चुकतात."

ही गोष्ट आमचे शेजारी तात्या यांना सांगितली तेव्हा ते उसाच्या बांधावरून बोलावे तसे बोलले, "त्यात काय नवीन? आमचं बेणं." खरेच होते. ऊस बी पेरून लावत नाहीत, कांडी लावतात. म्हणजे फुले २६५ या वाणाचा महाराष्ट्रातला झाडून सगळा ऊस हा मुळात एकाच झाडाची प्रत आहे. पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र १९३२ सालापासून हाच उद्योग करते आहे आणि ते आमच्या राहुरीच्या कृषी विद्यापीठाखाली येते. तात्या म्हणाले, "पण तेच तेच बेणं फिरवत राहिलं की गवताळ वाढ येती. तीन-चार वर्षांनी बेणं बदलावंच लागतं." मी हे माडीवर जाऊन सांगितले. सूनबाईंनी कानातले यंत्र काढून ठेवले आणि म्हणाल्या, "तात्यांना सांगा, आमचं बेणं दर महिन्याला बदलतो." रोग लवकर पडतो म्हणे.

आमच्या सौ.ने मात्र आम्हा दोघांवर ताण केली. ती लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "म्हणजे गणपतीच की. पेणला साच्यातून शंभर निघतात. दुकानात आहे तोवर तो माल. घरी आणून प्राणप्रतिष्ठा केली की आपला देव. दहा दिवसांनी विसर्जन, पुढच्या वर्षी पुन्हा साच्यातून. आणि देव्हाऱ्यातला पितळी गणपती काही आपण नदीत सोडत नाही."

सूनबाई उडालीच. "आई, तो पितळी गणपती म्हणजे डेटा डिस्क!" मशीन बुडवायचे, पण त्यातला हिशेब-ठिशेब वेगळ्या तबकडीवर ठेवायचा आणि नव्या मशिनला ती तबकडी जोडायची. आणि प्राणप्रतिष्ठाही असते म्हणे. साच्यातून निघालेले मशीन पहिल्यांदा डोळे उघडते तेव्हा त्याला आपले नावगाव काहीच ठाऊक नसते. ते एका ठरावीक पत्त्यावर जाऊन विचारते, मी कोण? तिथून त्याला त्याचे नाव, त्याचे काम आणि त्याच्या किल्ल्या मिळतात. या एका प्रश्नापायी आपल्याकडे ऋषिमुनींनी हिमालयात जन्म काढले. इथे दोन सेकंदांत निकाल. मात्र साचा करण्यापूर्वी मूळ मशिनची ओळख पुसून टाकावी लागते. न पुसली तर सगळ्या प्रती स्वतःला मूळचेच समजतात, आणि मग पक्षफुटीनंतर एका तालुक्यात तीन तालुकाध्यक्ष हिंडतात तसे होते.

इथपर्यंत माझे आणि सूनबाईंचे एकमत होते. पुढे एका गोष्टीवर बिनसले. त्यांच्या धंद्यात २०१२च्या सुमारापासून एक सुभाषित फिरते आहे. त्याचा मतितार्थ असा की मशिनांना घरातल्या लाडक्या मांजरासारखे वागवू नका, गोठ्यातल्या गुरांसारखे वागवा. मांजराला नाव असते, ते आजारी पडले की डॉक्टर आणतात. गुरांना नुसते नंबर असतात, एक गेले की दुसरे आणतात.

"हे कुणी लिहिलं?" मी विचारले.

"अमेरिकेत कुणीतरी."

"त्याला पोळ्याला घेऊन ये."

तात्यांच्या गोठ्यात सहा जनावरे आहेत आणि सहाही नावांनी हाक मारली की मान वळवतात. मांजराला मात्र राहुरीत कुणी नाव ठेवल्याचे मला आठवत नाही. ते 'मांजर' याच नावाने दूध पिऊन जाते. हे सुभाषित आमच्याकडे उलटे छापावे लागेल. सूनबाई हसल्या. पण मला नंतर कळले की त्यांच्या गोठ्यातही नाव असलेले एक जनावर होते. त्याला सगळे 'म्हातारी' म्हणत.

म्हातारी म्हणजे एका दूध संघाच्या हिशेबाचे मशीन. दर गवळ्याचे दूध किती, फॅट किती, एसएनएफ किती, भाव काय, पेंडीची उचल किती, हे सगळे ती मांडायची आणि दर दहा दिवसांचा पगार काढायची. तिला साचा नव्हता. २०१७ साली एका हुशार मुलाने ती हाताने घडवली होती. पितळी गणपती आणि मातीचा गणपती तिच्यात एकजीव झालेले. घडवणारा पुढे नोकरी सोडून कॅनडाला गेला. ती चालते आहे ना, मग तिला हात लावू नका, असा कंपनीत अलिखित नियम होता. जुन्या सुईणीबद्दल गावात असतो तसा.

२०२४च्या जून महिन्यात सूनबाईंना कंपनीचे पत्र आले. गणपती झाले की सगळ्यांनी पुण्याला ऑफिसात यावे. गावाकडून काम करणाऱ्यांच्या बाबतीत 'काम अडत नाही याची खात्री पटल्यास' विचार होईल. पत्र आल्यावर घरात कुणी काही बोलले नाही. सौ.ने मोठे पातेले घासून फळीवर ठेवले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खाली काढले. नात मला म्हणाली, "आजोबा, पुण्यात आपल्या शाळेची शाखा आहे का?"

अशात १९ जुलै २०२४ उजाडला. आषाढी होऊन दोन दिवस झाले होते, शुक्रवार होता. सकाळी पावणेदहाला मी दाढी करत होतो आणि माडीवरून सूनबाईंचा "अगं बाई!" असा आवाज आला. हा शब्द त्यांच्या कामात बसत नाही. वर गेलो तर पडदा निळा. त्या दिवशी जगभर हाच निळा रंग होता. एका सुरक्षेच्या कार्यक्रमाने रोजच्यासारखा आपला एक छोटा सुधार पाठवला आणि तो पोटात जाताच यंत्रे कोसळली. चालू केली की कोसळायची, पुन्हा चालू केली की पुन्हा. सव्वा तासाने तो सुधार मागे घेतला गेला, पण तोवर जगातली सुमारे पंच्याऐंशी लाख विंडोज यंत्रे आडवी झाली होती. राखणदारानेच धन्याच्या डोक्यात काठी घातली. विमाने थांबली. आपल्याकडच्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले, हे टीव्हीवर पाहून माझ्यासारख्या जुन्या कारकुनाचा ऊर भरून आला, ते सोडा. काहींना तर असा सल्ला मिळाला की मशीन पंधरा वेळा बंद-चालू करून पाहा, कदाचित उठेल. आमच्याकडे शनिशिंगणापूरला जाणारे सुद्धा इतका जप करत नाहीत.

सूनबाईंच्या ताब्यातली साठेक मशिने पडली होती. घरातल्या कॉम्प्युटरला निदान कळफलक तरी असतो. ढगातल्या बिऱ्हाडात शिरून कळ दाबायची सोय नाही. मग तबकडी सोडवायची, दुसऱ्या धडधाकट मशिनला जोडायची, तिच्यातली ती विषारी फाइल काढायची, पुन्हा मूळ मशिनला बसवायची. एकेका मशिनला तास-तास. पुण्यात बाकीचे लोक याच ऑपरेशनांना लागले होते. सूनबाईंनी फोनवर वरिष्ठांना सांगितले, "सर, ज्यांचे साचे आहेत ती मी दुरुस्त करत नाही. मारते आणि नवी काढते." पलीकडून जरा वेळ काही आवाज आला नाही. सगळ्या मशिनांना मारायची परवानगी राहुरीच्या माडीवरून मागितली जात होती. मग "करा" असे आले. संध्याकाळी सातपर्यंत एक सोडून सगळी उभी होती.

एक सोडून, म्हणजे म्हातारी. शिवाय दुसऱ्या दिवशी वीस तारीख, पहिल्या दहा दिवसांचा पगार. तिचे ऑपरेशन करण्यावाचून गत्यंतर नव्हते. तबकडी सोडवली, आधी तिची नक्कल काढून ठेवली, दुसऱ्या मशिनला जोडली, तर तबकडीला कुलूप. सुरक्षेसाठी. किल्ली अठ्ठेचाळीस आकड्यांची, आणि ती घडवणाऱ्याने कुठे ठेवली होती ते घडवणाऱ्यालाच ठाऊक. राहुरी फाट्यावरून वळले की थोड्या अंतरावर शनिशिंगणापूर आहे. तिथे घरांना दारे नसतात. मला त्या रात्री प्रथमच त्या गावाचे मोठेपण पटले.

कॅनडातल्या मुलाला फोन लागायला रात्रीचा एक वाजला. तिकडे दुपार. मुलगा मनाने चांगला. त्याने किल्ली एका कागदावर छापून घेतली होती आणि कागद टाकून देण्याआधी त्याचा फोटो काढला होता. फोटो आला. तिरका, अर्ध्यावर सावली, आणि एका बाजूला चहाच्या कपाचे गोल वळ. इतक्यात वीज गेली. कुणी घालवली हे विचारायची राहुरीत पद्धत नाही. इन्व्हर्टरवर किती वेळ निघेल याचा मी हिशेब करत होतो, एवढ्यात खाली अंगणात धडधड आवाज झाला. तात्या कडबाकुट्टीचा जनरेटर ढकलत घेऊन आले होते. "माडीवर उजेड दिसला. सुनंचं मशीन बंद पडलंय म्हणता, मग मला उठवायचं नाही का?" तात्यांचे दूध त्याच संघाला जाते की नाही, हे सूनबाईंनी मला सांगितलेले नाही, कंपनीची शपथ असते. मीही तात्यांना काही बोललो नाही. त्यांनी वायर माडीवर फेकली आणि पेंडीच्या भावाबद्दल बडबडत खाटेवर बसून राहिले.

आता फोटोतले आकडे वाचून भरायचे होते. कार्यालयात आम्ही याला 'कंपेअर करणे' म्हणत असू. एकाने मूळ प्रतीतून मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने नक्कल पाहायची. त्या कामात माझा हात धरणारा नव्हता. मी चश्मा पुसून वाचू लागलो. सहा-सहा आकड्यांचे आठ गट. पाच गट बिनबोभाट गेले. सहाव्यात पाच, दोन, आणि पुढचा आकडा नेमका चहाच्या वळाखाली. तीन की आठ? पुढे एक, सहा, पाच.

"तीन वेळा चुकलं तर काय होतं?" मी विचारले.

"माहीत नाही, आणि आत्ता पाहायचं नाही," सूनबाई म्हणाल्या. मग एकदम ताठ बसल्या. "नाना, या किल्लीतला प्रत्येक गट अकराने भागला जातो. तसा नियम आहे."

अकराची कसोटी! १९६६ साली शिकलेली ही विद्या, तिचा आजवर कुणी चहासुद्धा विचारला नव्हता. एकाआड एक आकड्यांच्या बेरजा घ्यायच्या. फरक शून्य किंवा अकराच्या पटीत आला की भाग जातो. तीन धरला तर पाच, तीन, सहा मिळून चौदा. दोन, एक, पाच मिळून आठ. फरक सहा, गेला. आठ धरला तर पाच, आठ, सहा, एकोणीस. वजा आठ. अकरा!

"आठ," मी म्हणालो. बोर्डाच्या परीक्षेतसुद्धा मी इतक्या खात्रीने उत्तर लिहिले नव्हते.

कुलूप उघडले. विषारी फाइल निघाली. पहाटे चारला म्हातारी डोळे चोळत उठली आणि सहाला पगार निघू लागले. तात्या खाटेवर घोरत होते. त्यांच्या खिशातला मोबाइल सकाळी केव्हातरी एकदा वाजला. पैसे जमा झाले की वाजतो तसा. ते जागे झाले नाहीत.

वास्तविक गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण सूनबाईंनी पुढचा महिनाभर म्हातारीचा साचा करायचे मनावर घेतले. तिच्यात काय काय आहे ते एकेक शोधून लिहायचे, लिहिल्याप्रमाणे कोरे मशीन घडवायचे आणि ते म्हातारीसारखे वागते का ते पाहायचे. दोनदा फसले. तिसऱ्या वेळी हिशेब पैशाला पैसा जुळला, पण बिल छापले की गवळ्याच्या नावाच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे, रागावलेल्या माणसाच्या चित्रात तोंडातून निघतात तशी. सूनबाईंनी दोन दिवस डोके फोडले. मग चहा घेऊन गेलेल्या मला सहज दाखवले.

"हा शिवाजी फॉन्ट आहे, बाई," मी म्हणालो. निवृत्तीआधीची सात-आठ वर्षे मी कॉम्प्युटरवर याच फॉन्टात टंकलेखन केले होते. फॉन्ट यंत्रात नसला की मराठी मजकुराचा असाच गोंधळ दिसतो. कॅनडातल्या मुलाने तो २०१७ साली घातला असणार आणि इतक्या क्षुल्लक गोष्टीची नोंद कोण ठेवतो? शिवाजी साच्यात गेला. बिलावर गवळ्यांची नावे काना-मात्रेसकट उभी राहिली.

आता म्हातारीला मारायचे होते. शनिवारी सूनबाई बोट कळीवर ठेवून बसल्या होत्या. सोमवारी, दोन सप्टेंबरला, पोळा होता.

"दोन दिवस थांब," मी म्हणालो.

"नाना, तिचं सेकंदाला भाडं चालू आहे."

"तरी थांब."

थांबल्या. पोळ्याला तात्यांच्या गोठ्यातल्या सहाही जणांना पुरणपोळी मिळाली. सौ.ने एक लॅपटॉपशेजारीही ठेवली. ती नातीने खाल्ली. मंगळवारी सकाळी म्हातारी गेली. सूनबाई त्यानंतर पाच-दहा मिनिटे गच्चीवर कपडे नसतानाही दोरीपाशी उभ्या होत्या.

गणपती बसायच्या आदल्या दिवशी वरिष्ठांचा फोन आला. सूनबाईंनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. राहुरीहून काम चालू ठेवायला कंपनीची हरकत नव्हती. विजेची व्यवस्था काय, असे त्यांनी विचारले. सूनबाईंनी कडबाकुट्टी हा शब्द टाळून 'पर्यायी जनरेटर' असे सांगितले. मग ते म्हणाले, "आणि समजा तुम्ही आजारी पडलात, तर तिथे तुमच्या जागी पाहायला दुसरं कुणी आहे का?"

"आहेत ना. माझे सासरे."

सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, आधी ती पाण्याची मोटर बंद करा. टाकी केव्हाची वाहतेय."